अकराशे माणसं, एक नंबर

कॉम्प्युटरला विचाराल तर आमच्या आळीत एकच माणूस राहतो. त्याला अकराशे बेचाळीस नावं आहेत, तो आठ वर्षांचाही आहे आणि ब्याण्णव वर्षांचाही, एकाच महिन्यात तो बालवाडीत दाखल झाला, त्याचं लग्न झालं आणि तो नोकरीतून निवृत्तही झाला. मोबाइल नंबर मात्र या सगळ्यांचा एकच. तो नंबर माझ्या शेजारच्या गाळ्यात लोकांचे फॉर्म भरून देणाऱ्या फॉर्मकाकांचा.

माझं दुकान किल्ल्यांचं. काका आणि मी एकाच वयाचे, त्यामुळे तोंडावर मी त्यांना अरे-तुरे करतो आणि डोकं फिरलं की त्याच्याही खाली उतरतो. इथे चारचौघं वाचणार म्हणून मान देतोय. त्यांनी तो फार मनावर घेऊ नये.

सुरुवात साधीच होती. सरकारने सगळी कामं पोर्टलवर नेली. जन्माचा दाखला, मेल्याचा दाखला आणि मधल्या काळात माणसाला जे जे लागतं ते सगळं, अगदी रक्ताच्या तपासणीच्या रिपोर्टापर्यंत. प्रत्येकाने पोर्टलवर आपलं खातं उघडायचं आणि त्याला आपला मोबाइल नंबर जोडायचा. मग त्या नंबरावर सहा आकडी ओटीपी येतो, तो टाकला की खातं उघडतं. म्हणजे किल्लीच. माझ्या धंद्यातली गोष्ट, मला लगेच कळली. पण तेव्हा आळीत निम्म्या लोकांकडे मोबाइल नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांना स्वतःचा नंबर पाठ नव्हता, आणि ज्यांना पाठ होता ते दर तीन महिन्यांनी तो बदलत होते. आणि फॉर्मवर मोबाइल नंबरच्या रकान्यापुढे लाल चांदणी.

या लाल चांदणीबद्दल काकांचा एक नियम होता. चांदणी असेल तिथे काहीतरी भरायचंच, नसेल तिथे बोटसुद्धा लावायचं नाही. "नसते रकाने भरले की नसते प्रश्न येतात," असं ते म्हणायचे. तर मोबाइल नंबरपुढे चांदणी होती, समोर एक आजी डोळे मिचकावत बसल्या होत्या आणि मागे रांग चहावाल्यापर्यंत गेली होती. काकांनी स्वतःचा नंबर टाकून दिला. दुसऱ्यालाही टाकला. तिसऱ्यापासून तर विचारायचंही सोडून दिलं.

पुढे पोर्टलने सुरक्षेचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. लहानपणी कोणता प्राणी पाळला होता? पहिल्या शिक्षकांचं टोपणनाव काय? आवडता पदार्थ कोणता? सगळ्यांपुढे चांदण्या. आता रांगेतल्या प्रत्येकाला असं विचारत बसलं तर दिवसाला चार फॉर्म होतील. काकांनी सगळ्यांना आपलीच उत्तरं वाटली. त्यामुळे आमच्या आळीत अकराशे माणसांनी लहानपणी एकच काणा पोपट पाळलेला आहे, सगळ्यांना एकाच छडीमास्तरांनी बडवलेलं आहे आणि सगळ्यांना उकडलेलं अंडं आवडतं. पासवर्डही सगळ्यांचा एकच, काकांच्या मुलीचं लाडाचं नाव आणि पुढे गाळ्याचा नंबर. फोटोचं म्हणाल तर दुकानात खुंटीवर एक काळा कोट टांगलेला असतो. तोच घालून सगळ्यांचे फोटो. रद्दीवाला आणि त्याची सासू दोघंही ओळखपत्रावर एकाच कोटात आहेत, फक्त सासूबाईंना तो जास्त शोभतो.

एकदा पोर्टलच्या कचेरीतून त्याच त्या आजींसाठी काकांच्या नंबरावर फोन आला, काका तो त्यांच्या हातात देऊन रांगेकडे वळले. ओळख पटवण्यासाठी पलीकडच्या बाईने विचारलं, "तुमचा आवडता पदार्थ?" आजी जन्मात अंड्याच्या वाटेला गेल्या नव्हत्या. त्यांनी दूध, फळं, भात, जे जे सुचेल ते सांगून पाहिलं. पलीकडची बाई दरवेळी "चूक" म्हणायची. शेवटी आजी कडाडल्या, "माझ्या जिभेला काय आवडतं ते तू मला सांगणार का गं?" त्यांचं खातं तीन दिवस बंद राहिलं. तेव्हापासून त्यांना सगळी आळी अंडेआजी म्हणते, आणि काकांशी त्या महिनाभर बोलल्या नाहीत.

आता माझ्या धंद्यातला रिवाज सांगतो. किल्ली करायची, हातात ठेवायची आणि विसरायची. नमुन्याला एक जास्तीची करून ठेवली तर माझ्या बापाने मला दुकानात उभं केलं नसतं. काकांना मी हे शंभरदा सांगितलं. "लेका, तुझ्या खिशात अख्ख्या आळीच्या किल्ल्या आहेत," म्हटलं. तर ते म्हणायचे, "असू दे की. मी काय कुणाच्या घरात शिरतोय?"

आणि खरंच ते शिरत नव्हते. चोरी, लबाडी त्यांच्या रक्तात नाही. कुणाचा काही निरोप त्यांच्या फोनवर आला तर ते त्या माणसाला दुकानात बोलवायचे, फोन त्याच्या हातात द्यायचे आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसायचे. कुणाची गोष्ट त्यांनी कधी तोंडातून काढली नाही. पण काढायची गरजच नव्हती, कारण देवाने त्यांना जो चेहरा दिलाय त्यावर सगळं छापून येतं. पाववाल्याची बायको एकदा रिपोर्टाचं विचारायला आली. काका ताडकन उठले आणि स्वतःची खुर्ची पुसून तिला दिली. वीस वर्षांत त्यांनी ती खुर्ची कुणाला दिली नव्हती. ती खुर्चीकडे बघत राहिली, मग काकांकडे, आणि तिथल्या तिथे तिला कळलं की आपल्याला दिवस गेलेत. दारातून बघणाऱ्या मला कळलं. चहावाल्याला कळलं. पाववाला चौथा.

चहावाल्यावरून आठवलं. गेले आठ महिने तो काकांना बिनसाखरेचा चहा द्यायचा. काका रोज भांडायचे. "अरे, या पाण्याला चहा म्हणतोस? साखर कुठाय?" तो शांतपणे म्हणायचा, "वरून हुकूम आहे." वरून म्हणजे कुठून, हे काही तो सांगायचा नाही. काकांचा समज असा झाला की साखर महाग झाली असेल. पण मला गोड चहा मिळायचा, त्यामुळे मी त्या विषयात पडलो नाही.

काकांना एक थोरला भाऊ आहे. पाण्याचे मीटर वाचायची नोकरी करून निवृत्त झाला, तिसऱ्या गल्लीत राहतो. दोघं बारा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, आणि कारण काय, तर शिडी. दुकानाची नवी पाटी लावायला काकांनी थोरल्यांची शिडी आणली. परत केली तेव्हा तिसरी पायरी मोडलेली होती. काका म्हणाले, आधीपासून होती. थोरले म्हणाले, नव्हती. एवढंच. आईबापांच्या इस्टेटीच्या वाटण्या हसत हसत केलेले हे भाऊ एका पायरीवरून अडले. मी तेव्हाच काकांना म्हटलं होतं, "तुझी पाटी एका बाजूला का कलली आहे रे? पायरीवरून घसरल्यासारखी दिसते." त्यानंतर माझ्याशीही ते दोन दिवस बोलले नव्हते.

तर सगळं असं सुरळीत चाललं होतं, आणि परदेशातून मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता.

काकांच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. वहिनींनी त्याच दिवशी माळ्यावरून बॅग काढली. "तीन महिने जायचं," त्या म्हणाल्या, "दोघांनी. मुलगी तिकडे एकटी आहे." काका आनंदाने नाचायचेच बाकी होते. मग त्यांना आठवलं, आपला हा नंबर तिकडे चालणार नाही. आणि त्यांचा चेहरा पडला.

"तीन महिने आळीचे ओटीपी कोण देणार?"

"आळी काय तुमच्यावर अवलंबून आहे का?" वहिनी म्हणाल्या.

आहे की नाही, ते दोनच दिवसांत कळलं. काका दात काढायला गेले आणि डॉक्टरांनी फोन बंद करायला लावला. अर्ध्या तासात दवाखान्यात चौदा माणसं जमली. पाववाल्याला परवाना नवा करून घ्यायचा होता, कुणाच्या परीक्षेचा निकाल होता, कुणाची वेळ संपत आली होती. एकाने डॉक्टरांनाच गळ घातली की काकांचं तोंड बंद राहिलं तरी चालेल, फोन तेवढा चालू करा. काकांनी तोंडात कापसाचा बोळा घेऊन, खुर्चीवर आडवं पडून, बोटांनी खुणा करत सहा जणांचे ओटीपी सांगितले. सातव्याला खुणेतला नऊ कळला नाही आणि त्याचं खातं कुलूपबंद झालं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एकटे येणार असाल तर या.

तरीही काका नंबर सोडायला तयार नव्हते. शेजारच्याला फोन देऊन जाईन, असं त्यांच्या डोक्यात घोळत होतं. शेजारचा म्हणजे मी. मी साफ नाही म्हटलं. खरं डोळ्यांत अंजन घातलं ते लॉन्ड्रीवालीच्या मुलीने.

या मुलीने हवामान खात्यात नोकरीसाठी अर्ज केला होता, दुसऱ्या गावी. आईला सांगितलं नव्हतं, कारण दुकानात दोघीच. निवड झाल्याचा निरोप साहजिकच काकांच्या फोनवर आला. ती दुपारी दुकानात येणार होती. सकाळी काका शर्ट घेऊन लॉन्ड्रीत गेले, तिच्या आईकडे बघून त्यांचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले, "एकटीला झेपेल ना हो सगळं?"

दुपारी मुलगी आली ती तावातावाने. मी कानस खाली ठेवली.

"काका, आईला मी सांगणार होते. कसं सांगायचं, महिनाभर मनात जुळवत होते."

"मी एक शब्द बोललो नाही!" काका म्हणाले.

"बोलला नाहीत, पण तुम्हाला माहीत होतं ना? तिथेच चुकलं. बातमी माझी, आणि तुम्हाला कळली, आईला कळली, शेजारच्या या किल्लीवाल्या काकांनाही कळली असेल. मला सगळ्यात शेवटी. आईने रडत विचारलं तेव्हा मला समजलं की मला नोकरी लागली."

मला खरंच कळली होती. काका सकाळी लॉन्ड्रीतून डोळे पुसत आले, तेव्हाच. मी किल्ल्या मोजू लागलो.

"मग मी काय करू, पोरी?"

"काही करू नका. माझं मला द्या. माझा नंबर, माझा पासवर्ड. आणि तो पोपट काढून टाका. मी कुत्रा पाळला होता."

ती गेल्यावर काकांनी खुंटीवरचा कोट काढून झटकला आणि परत टांगला. मग मला म्हणाले, "मला वाटायचं मी लोकांचं ओझं उचलतोय." मी म्हटलं, "उचललंस खरं, पण खाली ठेवायचं विसरलास." मी बोललो ते मला जरा जास्तच झणझणीत वाटलं, पण मागे घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर कागद लागला. 'आपापला फोन घेऊन यावे व आपापले खाते घेऊन जावे.' परदेशी जायच्या अर्जाची मुदत संपायला पंचवीस दिवस होते.

तुम्हाला वाटेल, लोक धावत आले असतील. उलट लोक रुसले. पाववाला म्हणाला, "काका, तुम्ही आम्हाला टाकताय." एकजण म्हणाला, तुमच्याकडे आहे तेच बरं आहे, माझ्याकडे दिलं तर माझी बायको बघेल. दुसऱ्याने विचारलं, स्वतःचा पासवर्ड स्वतः ठेवला तर विसरल्यावर भांडायचं कुणाशी? जन्मभर ज्यांनी स्वतःच्या घराची किल्ली कुणाला दिली नाही, ती माणसं स्वतःचा जन्म, लग्न, रक्त, सगळं एका नंबरावर ठेवून निर्धास्त होती. मला भयंकर राग आला. मग आठवलं, माझंही खातं त्यातच होतं.

हळूहळू रांग लागली. आता तोंड भिंतीकडे करायचं काम फक्त काकांचं. माणूस स्वतः टाइप करायचा, एकेका अक्षराला पाव मिनिट. न्हाव्याने पासवर्ड टाइप करताना मोठ्याने म्हटला. काकांनी तो बदलायला लावला. त्याने दुसराही मोठ्याने म्हटला. चौथ्या वेळी काकांनी त्याच्या तोंडात पेन दिलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला प्रश्नांनी. लहानपणी कोणता प्राणी पाळला होता, असं आयुष्यात कुणी विचारलंच नव्हतं. माणसं खुर्चीत बसून आठवायला लागली. रद्दीवाल्याला एक ससा आठवला आणि तो कसा मेला ते सांगताना तो इतका रडला की मागची रांग गप्प झाली. अंडेआजींना पहिल्या शिक्षकांचं नाव विचारलं. त्या कितीतरी वेळ डोळे मिटून बसल्या. मग काकांना म्हणाल्या, "भिंतीकडे बघ." आणि एका बोटाने त्यांनी ते नाव स्वतः टाइप केलं. ब्याण्णवाव्या वर्षी. आवडता पदार्थही भरला. तो कुणालाच माहीत नाही, आणि त्या सांगत नाहीत.

माझ्या खात्यातही मी माझा प्राणी भरला. तो मी तुम्हालाही सांगणार नाही. एवढं तरी मी शिकलो.

पंचविसाव्या दिवशी दुपारी चार वाजता अकराशे बेचाळीसावं खातं काकांच्या नंबरावरून सुटलं. उरलं एक, त्यांचं स्वतःचं. त्यातूनच परदेशी जायच्या परवान्याचा अर्ज करायचा होता. वहिनींचा आधीच झाला होता. अर्जाची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. चुकली तर पुढची तारीख सहा महिन्यांनी, म्हणजे तोवर नातवंड मान धरायला लागलं असतं. आणि हा माणूस लोकांचे अर्ज भरत शेवटच्या तासापर्यंत बसला होता.

काकांनी बोटं मोडली, बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'ओटीपी आपल्या सत्तेचाळीसने संपणाऱ्या नंबरावर पाठवला आहे.'

काकांचा नंबर सत्तेचाळीसने संपत नाही.

त्यांनी फोन हलवून बघितला, जणू ओटीपी आत अडकलाय. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अरे," ते म्हणाले, "दादाचा."

तेरा वर्षांपूर्वी पोर्टल नवीन होतं, तेव्हा काकांनी सरावासाठी पहिलं खातं स्वतःचं उघडलं होतं. त्या वेळी त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. थोरल्यांकडे होता. चांदणीपुढे त्यांनी भावाचा नंबर टाकला, आणि वर्षभराने शिडी मोडली. दुकानातला कॉम्प्युटर त्यांना ओळखत असल्यामुळे त्यानंतर या परवान्याच्या अर्जापर्यंत कधी ओटीपी लागलाच नाही, आणि लोकांची खाती उघडताना स्वतःच्या खात्यात डोकवायला वेळ कुणाला? दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिव्याच्या आतच होता.

त्यांनी पोर्टलच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "नंबर ज्यांचा आहे त्यांनीच ओटीपी द्यायला हवा, साहेब. दुसऱ्याचा नंबर कशाला दिलात?" काकांनी फोन ठेवला. वहिनी दारात उभ्या होत्या. काका त्यांच्याकडे आशेने बघू लागले.

"मी आणणार नाही," वहिनी म्हणाल्या. "जाऊबाईंशी माझं रोज बोलणं आहे, मी काही शिडी धरून बसलेली नाही. पण हे तुमचं तुम्ही मागा."

ओटीपी दहा मिनिटं चालतो आणि काकांचे गुडघे तिसऱ्या गल्लीला पंधरा मिनिटं घेतात. म्हणजे कॉम्प्युटरच तिथे न्यायला हवा. मी माझ्या मुलाचा जुना लॅपटॉप काखेत मारला. त्याची बॅटरी मेलेली आहे, प्लगशिवाय तो दगड. दुकानाला कुलूप लावून आम्ही निघालो, पुढे काका, मागे मी, वायर जमिनीवर लोळते आहे.

दार थोरल्यांनीच उघडलं. दोघं भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले. बारा वर्षांनी पहिला शब्द काय निघेल, म्हणून मी श्वास धरून होतो.

"प्लग कुठाय?" काका म्हणाले.

थोरल्यांनी मान वळवून बघितलं. "शिडीच्या मागे."

शिडी भिंतीला टेकून उभी होती. तिसरी पायरी तशीच मोडलेली. बारा वर्षांत त्यांनी ती दुरुस्त केली नव्हती, पुरावा म्हणून. ती दोघांनी दोन बाजूंनी धरून हलवली, कारण एकट्याला जड होती. मी वायर लावली. तोवर थोरल्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. सहा आकडे, मीटर वाचणाऱ्याच्या ठळक अक्षरात.

"आला तेव्हाच लिहून ठेवलाय," ते म्हणाले. "म्हटलं, आता येशील."

"म्हणजे माझे निरोप तुला येतात?"

"तेरा वर्षं. तुझ्या डोळ्यांची तारीख, तुझ्या घराचा कर, दर वाढदिवसाला पोर्टलच्या शुभेच्छा. आठ महिन्यांपूर्वी रक्ताचा रिपोर्ट आला. साखर दुप्पट."

काका खुर्चीत बसले. रक्त त्यांनी दिलं होतं, मला आठवलं. निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून त्यांनी तो विषय सोडून दिला होता.

"मग मला सांगितलं नाहीस?"

"बोलत होतो का आपण? तुझ्या बायकोला सांगितलं. चहावाल्याला सांगितलं."

म्हणजे वरचा हुकूम तो हा. आठ महिने घरात गोड का नाही, चहा पाणचट का, याचं उत्तर काकांना एका दमात मिळालं. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. काका उठले ते लालबुंद होऊन.

"माझ्या रक्ताची गोष्ट! बायकोला माहीत, चहावाल्याला माहीत, आणि मला शेवटी? अरे, ती माझी..."

आणि ते थांबले. मी लॅपटॉपकडे बघत होतो, पण मला कळलं ते का थांबले. लॉन्ड्रीवालीची मुलगी हेच म्हणाली होती, जवळपास याच शब्दांत. काकांनाही ते ऐकू आलं असणार, कारण ते पुन्हा खाली बसले.

"मला चिठ्ठी तरी टाकायचीस," ते हळू आवाजात म्हणाले.

"टाकणार होतो. मग ती शिडी दिसायची." थोरल्यांचाही आवाज चढला. "एकदा कबूल केलं असतंस, तर? पायरी मोडली नव्हती तर तुझी पाटी वाकडी का?"

"पाटीचं नाव काढू नकोस!"

मग जे सुरू झालं ते आठ मिनिटं चाललं. पाटी, पायरी, लहानपणी हरवलेली एक सायकल, काण्या पोपटाचा पिंजरा कुणी उघडा ठेवला, सगळं निघालं. मी मध्ये पडून म्हटलं, "अरे, ओटीपी!" तर दोघं एका आवाजात मला म्हणाले, "तू थांब." चिठ्ठीतला ओटीपी तर वाटेतच संपला होता. पाच वाजायला सोळा मिनिटं होती. मला इतका संताप आला की मी लॅपटॉप मिटून निघणार होतो.

"माझ्याच पायाखाली मोडली," काका अचानक म्हणाले. "पडलो होतो मी. लाज वाटली."

 थोरल्यांनी फोन उचलून काकांच्या हातात दिला. "नवा मागव."

दुसरा ओटीपी आला. तो काकांनी स्वतः वाचला, स्वतः टाकला. खातं उघडलं. जुना नंबर काढून त्यांनी आपला घातला, अर्ज भरला, चांदण्यांमागून चांदण्या. शेवटच्या पानावर एक रकाना होता. 'अडचणीच्या वेळी आणखी कुणाला कळवायचे असल्यास नंबर.' मी चांदणी शोधली. नव्हती. म्हणजे काकांच्या नियमाने तो सोडून द्यायचा.

काकांचं बोट बटणावरून मागे आलं.

"दादा, तुझा नंबर टाकू इथे?"

"तेरा वर्षं होताच की."

"न विचारता होता. आता विचारतोय."

थोरल्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "टाक," ते म्हणाले. काकांनी तो नंबर कुठेही न बघता, न अडखळता भरला. खाली चौकोन होते, कोणकोणती माहिती कळवायची त्याचे. काकांनी प्रवासावर खूण केली. तब्येतीच्या चौकोनाशी बोट अडलं.

"यात साखर पण येईल," ते म्हणाले.

"येईल."

"चहावाल्याला सांगशील?"

"तू सांग म्हणालास तर."

काकांनी खूण केली आणि अर्ज पाठवला. पाचला चार मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन टेबलावर गप्प पडून होता. दुकानात कुणी नव्हतं. पाटी सरळ करायला थोरले शिडी घेऊन येणार होते, नवी पायरी ठोकून. चहावाला दोन कप घेऊन आला. काकांनी त्याला बोटाने थांबवलं.

"माझा बिनसाखरेचा," ते म्हणाले.

चहावाला गोंधळला. "वरून हुकूम आलाय का?"

"नाही," काका म्हणाले. "माझाच आहे."